आधी नाही कोण म्हणणार

माझ्या पुतणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि तिशी ओलांडली तरी ते बदलावं असं कुणाला वाटलं नाही. त्या दिवसांत तर ती चहाचा कप हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहायची. चहा गार व्हायचा. तो मोरीत ओतून ती पुन्हा नवा करायची आणि पुन्हा फिरायला लागायची.

"अगं, बस एका जागी," तिची आई, म्हणजे माझी वहिनी, म्हणायची. "तुझ्याकडे बघून मला गरगरतंय."

"बसते. आधी तू तो फोन खाली ठेव."

फोन खाली ठेवणं वहिनीला शक्य नव्हतं. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. नीट क्रमाने सांगायला मला जमेलच असं नाही.

भिंगरीचं काम चष्म्याच्या काचा घासण्याचं. दुकानदार नंबराची गोल काच पाठवतो. ती गिऱ्हाइकाने निवडलेल्या फ्रेमच्या आकारात घासायची, कड गुळगुळीत करायची आणि बसवून द्यायची. केसभर जास्त घासली तर काच फ्रेममधून निसटते, केसभर कमी घासली तर बसवताना तडकते. एका बंद पडलेल्या कारखान्यातलं जुनं यंत्र तिने उचलून आणलं होतं, खोलून, जोडून, पुन्हा खोलून ते चालतं केलं होतं. माझा थोरला भाऊ गेल्यापासून त्या मायलेकींचं घर त्याच यंत्रावर चाललं होतं.

तिचं लग्न ठरलं ते एका चष्म्याच्या दुकानदाराशी. शांत, सावकाश बोलणारा माणूस. त्याच्या खिशात कायम एक छोटी मोजपट्टी असायची. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायला ती लागते. भिंगरीने पहिल्याच भेटीत त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं आणि त्याने ते हसून चालवूनही घेतलं. लग्नानंतर दोघं मिळून दुकान चालवणार होती. मग यंत्र एकीकडे आणि दुकान दुसरीकडे कशाला, म्हणून साखरपुड्याच्या दिवशीच चार माणसांनी घाम गाळत ते यंत्र त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

इथवर ठीक होतं. पण समारंभात विहीणबाईंनी अंगठीची डबी सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली आणि वहिनीला राहवलं नाही. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. त्याच्यापुढे उभी राहून ती ठसक्यात म्हणाली, "आणि आमच्याकडून जावईबापूंना हे अख्खं यंत्र भेट! अंगठी डबीत मावते, आमची भेट दारात मावली नाही!"

सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर लग्नाची तारीख काही ठरेना. आधी दुकानाला रंग द्यायचा होता. मग विहीणबाईंचे गुडघे दुखायला लागले. मग हॉल मिळत नव्हता. आम्ही हॉल मिळवला, आगाऊ रक्कम भरली, तर तो त्यांना लांब पडत होता. हळूहळू मोजपट्टीचे फोन यायचे थांबले. भिंगरी दुकानात गेली की तो गिऱ्हाइकात गुंतलेला असे, आणि गिऱ्हाईक नसलं तर काउंटर पुसण्यात. त्याला लग्न नको आहे हे न सांगता कळत होतं. पण सांगत मात्र तो नव्हता.

"तो म्हणत नसेल तर मी म्हणते," भिंगरी म्हणाली. "माझं यंत्र द्या आणि सुटा."

त्या वेळी मी मध्ये पडलो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे मला सगळ्या विषयांतलं थोडंथोडं कळतं असा घरात समज आहे. खरं तर कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे एवढंच मला कळतं. तरी मी म्हणालो, "जरा थांब. आधी वकिलाला विचारू." ते बरं केलं की वाईट, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

वकीलबाईंचं ऑफिस टायरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर होतं. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की त्या बोलायच्या थांबत आणि पंप थांबला की त्याच शब्दापासून पुढे बोलू लागत.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या, "लग्न ठरलंय म्हणून ते कराच, असं कोर्ट कुणाला सांगत नाही."

"मला करायचंच नाहीये," भिंगरी म्हणाली.

"हे इथे बोललात, चालेल. बाहेर बोलू नका." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समोरच्याने विनाकारण शब्द फिरवला तर लग्नाच्या भरवशावर केलेला खर्च मागता येतो. हॉल, कपडे, जे असेल ते. चार लोकांत तुमच्याबद्दल वेडंवाकडं बोलून बदनामी केली असेल तर त्याचा वेगळा दावा. मनस्तापाची भरपाई मागता येते, पदरात फारसं पडत नाही. आणि लग्न होणार म्हणून दिलेल्या भेटी परत मागता येतात."

"यंत्र भेट नाहीये. माझं पोट आहे ते."

"चित्रणात तुमच्या आई काय म्हणतायत?"

वहिनी छताच्या पंख्याकडे बघायला लागली.

"असू दे. भेट धरली तरी ती परत येते," वकीलबाई म्हणाल्या. "अडचण एकच आहे. ज्याने विनाकारण लग्न मोडलं, त्याला आपली भेट परत मागताना तोंड राहत नाही. त्यामुळे त्यांचा वकील पहिला प्रश्न विचारणार, मोडलं कुणी?"

"त्याने!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

"कधी? कोणत्या शब्दांत?"

खाली पंप सुरू झाला. भिंगरीने तेवढ्यात टेबलावरचा चष्मा उचलून पर्समधल्या बारक्या पेचकसाने त्याची सैल दांडी आवळायला घेतली होती. तिला रिकामं बसवत नाही.

"मी नोटीस पाठवते," वकीलबाई म्हणाल्या. "ठरावीक मुदतीत तारीख ठरवा म्हणून. गप्प राहिला तर त्याचा नकार आहे असं आपल्याला म्हणता येईल."

"नोटीस?" वहिनी खुर्चीतून उठलीच. "म्हणजे गावभर बोभाटा, की मुलीकडच्यांनीच मोडलं. नोटीसबिटीस काही नको. त्यांच्या तोंडून कसं काढायचं ते मी बघते."

"मग तोवर तुम्ही कुणी 'नाही' म्हणू नका," वकीलबाईंनी बजावलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. तो आता नाकावरून घसरत नव्हता. त्यांनी भिंगरीकडे जरा वेळ पाहिलं.

तेव्हापासून वहिनीचा फोन सुरू झाला.

"कशा आहात विहीणबाई? गुडघे काय म्हणतात?"

तिने फोनचा आवाज मोठा केलेला असायचा, म्हणजे आम्हीही साक्षीदार.

"बरे आहेत हो. आमची सूनबाई कशी आहे?"

"वाट बघतेय बिचारी. तारखेची."

"आमच्या घरातही दुसरा विषय नाही बघा."

"मग काढू या का तारीख?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. पण तुमची काही अडचण असली तर मोकळेपणाने सांगा हं. आमचा मुळीच राग नाही."

"आमची कसली अडचण! तुमची असली तर सांगा. आम्हीही रागावणार नाही."

"छे, छे. आमची नाही."

"आमचीही नाही."

फोन ठेवून वहिनी कौतुकाने म्हणायची, "बाई पक्की आहे. त्यांनीही वकील गाठलाय. नाहीतर एवढं गोड कोण बोलतं?"

भिंगरी मात्र रोज सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची. तिथे एका कारखान्यात, यंत्र मोकळं असेल तेव्हा, दुसऱ्याच्या हाताखाली काचा घासायची. काही दिवस काम मिळायचं, काही दिवस नुसताच हेलपाटा मारून परत. घरी आली की फेऱ्या. दाराजवळच्या खिळ्याला किल्ल्यांच्या शेजारी ती अंगठी अडकवलेली होती. फिरत्या चाकापाशी बोटात अंगठी चालत नाही. दारापर्यंत गेली की ती अंगठीला बोटाने टिचकी मारायची आणि वळायची.

"काका," एकदा ती म्हणाली, "माणूस मेलं की निदान दाखला तरी मिळतो. हे लग्न मेलंय आणि दोन्हीकडची मंडळी त्याला वारा घालतायत."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या ग्रंथालयात गेलो आणि कायद्याची पुस्तकं काढली. एका पुस्तकात ज्याने मोडलं त्याला काही मिळू नये असं होतं, दुसऱ्यात कारण सबळ असेल तर मोडणाऱ्याचाही हक्क राहतो असं. सबळ कारण म्हणजे काय, याची उदाहरणं होती: लपवलेला आजार, आधीचं लग्न, मारहाण. काउंटर पुसत राहणारा नवरदेव कुठल्याच यादीत नव्हता. मी पानं पुढे उलटली, मागे उलटली. शेवटी आताची ग्रंथपाल, जी माझ्याच हाताखाली शिकली, हळूच म्हणाली, "सर, कुणाची कोर्टकचेरी आहे का?" मी इतका गडबडलो की पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवून आलो.

मग एक दिवस भिंगरी दुपारीच घरी आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली चष्म्याची काच होती. मोजपट्टीच्या गिऱ्हाइकाने कंटाळून ती दुसऱ्या दुकानात दाखवली होती आणि तिथून ती दुरुस्तीला भिंगरीच्या कारखान्यात पोचली होती.

"कड बघा, काका. बोट फिरवा."

मी फिरवलं. कड खरखरीत होती, जागोजागी उडालेली.

"पाणी बंद करून चालवतोय तो माझं यंत्र. कोरडंच. जाळून टाकेल तो चाक." तिने चपला काढल्याच नव्हत्या. "चला."

"अगं, पण वकीलबाई म्हणाल्या..."

"तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?"

"तिथे तोंड उघडू नकोस!" वहिनी आतून ओरडली. "बोललीस तर यंत्र गेलं!"

"नुसतं पाणी चालू करून येते."

रस्ताभर ती माझ्यापुढे दहा पावलं होती. सिग्नलला थांबावं लागलं तर तिथल्या तिथे पावलं बदलत उभी.

दुकानात स्टुलावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या एका हातात फ्रेम आणि दुसऱ्या हातात तिच्यातून निघालेली काच. काउंटरमागे मोजपट्टी, ॲप्रनवर पांढरी भुकटी. अंगाने तो वाळला होता.

"तिसऱ्यांदा पडली हो," बाई म्हणत होत्या. "पहिल्यांदा चहात, दुसऱ्यांदा बसमध्ये. आता वाचताना मांडीवर. काच आहे की दुधाचा दात?"

भिंगरी कुणाशी न बोलता सरळ मागच्या खोलीत गेली. यंत्राची पाण्याची नळी पिरगळून भिंतीशी दबली होती. तिने ती सोडवली, पाणी चाकावर आलं तसा तिचा श्वास मोकळा झाल्याचं मला दारापाशी ऐकू आलं. मग ती बाहेर आली आणि बाईंच्या हातातली फ्रेम घेतली.

"ही काच जास्त घासली गेलीय. घासलेली काच काही वाढवता येत नाही. नवी दे."

मोजपट्टीने निमूट ड्रॉवर उघडला, नंबर बघून काच काढली. खिशातली पट्टी काढून बाईंच्या डोळ्यांपुढे धरली, काचेवर खूण केली आणि भिंगरीच्या हातात दिली. तिने घासली, त्याने फ्रेम जरा गरम केली, तिने काच बसवली, त्याने पुसून बाईंच्या नाकावर ठेवली. दोघं एक शब्द बोलली नाहीत आणि एकमेकांच्या मध्येही आली नाहीत. मी ते बघत होतो आणि मला वाटलं, आपलं सगळ्यांचंच काहीतरी चुकतंय का? ही दोघं किती शोभतात.

यंत्र थांबलं.

"तू मला काही सांगायला आलीस का?" मोजपट्टीने विचारलं. त्याच्या आवाजात चक्क आशा होती.

"नाही. तुला मला काही सांगायचंय का?"

"नाही."

भिंगरीने हात पुसले. "वकिलाने सांगितलंय ना, आधी बोलू नको म्हणून?"

त्याने कोपऱ्यातल्या जिन्याकडे पाहिलं. वर त्यांचं घर होतं. "मावसभाऊ वकील आहे," तो हळू म्हणाला. "आणि तुला?"

"मलाही."

"म्हणजे तुलासुद्धा..."

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"मीही नाही म्हटलेलं."

म्हाताऱ्या बाई नव्या चष्म्यातून आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या.

"असं करू," भिंगरी म्हणाली. "एकदम बोलू. काका आहेत साक्षीला. मी तीन म्हटलं की दोघांनी बोलायचं. म्हणजे कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही."

"चालेल."

"एक. दोन. तीन."

दोघांचीही तोंडं उघडी होती, आणि दोघंही समोरच्याची वाट बघत होती.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "बोला की!"

आधी भिंगरी हसली. मग तोही. इतक्या महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती काउंटरला धरून वाकली होती. तो डोळे पुसत म्हणाला, "खरं सांगू? तू इथे असलीस की मला फार बरं वाटायचं. इथे, यंत्रापाशी. पण दुकान बंद करून आपण घरी गेलो की तुझ्याशी काय बोलायचं, याचा विचार केला की घाम फुटायचा. हे कुणाला कसं सांगणार? मावसभाऊ म्हणाला, सांगूच नको."

भिंगरीचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. की हो म्हणून, कोण जाणे. पण ती माझ्यासाठी थांबली नव्हतीच.

"मोजपट्टी," ती वरच्या मजल्यावर जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मला हे लग्न नको आहे."

गेलं, मला वाटलं. यंत्र गेलं. वहिनीला काय सांगायचं?

मोजपट्टी समोरच्या खुर्चीत बसला. बसला म्हणण्यापेक्षा पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा टेकला. "मलाही नको," तो म्हणाला. "मलाही नकोय गं."

जिन्यावर पावलं वाजली. दुखऱ्या गुडघ्यांच्या मानाने विहीणबाई फारच भराभर उतरल्या. "ऐकलंत ना? तीच बोलली! आधी मुलीनेच मोडलं!"

"तुमचा मुलगाही बोलला," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "मलाही नको म्हणाला. दोनदा."

"तुम्ही कोण?"

"गिऱ्हाईक. माझे डोळे अधू आहेत, कान ठणठणीत आहेत."

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. वयाने मोठे आहात. काय ऐकलंत?"

चहात साखर कमी आहे एवढंही मला कुणाला ठामपणे सांगता येत नाही. आणि इथे सगळे माझ्याकडे बघत होते, भिंगरीसुद्धा. फक्त मुलाचंच ऐकलं असं म्हणावं, असा मोह झाला. "आधी ती म्हणाली," मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. "मग तो म्हणाला. दोघंही म्हणाली."

"आई, मी म्हणालो," मोजपट्टी बसल्या जागेवरून म्हणाला. "आणि लिहूनही देतो."

विहीणबाई जिन्याच्या पायरीवर बसून गुडघा चोळायला लागल्या. या वेळी तो खरंच दुखत असावा.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पंप दोनदा मध्ये आला.

"तो गप्प राहिला असता तर तुम्ही आधी बोललात हे महागात पडलं असतं," त्या भिंगरीला म्हणाल्या. "पण दोघांनी मिळून सोडलंय म्हटल्यावर मोडलं कुणी हा प्रश्नच उरत नाही. ज्याची वस्तू त्याला परत. यंत्र इकडे, अंगठी तिकडे. तसा करार करून दोघांच्या सह्या घेऊ. झालेला खर्च ज्याचा त्याने सोसायचा."

"हॉलची आगाऊ रक्कमही?" वहिनीने विचारलं.

"तीही."

"आणि माझं फोनचं बिल?"

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. मग भिंगरीला म्हणाल्या, "माझा सल्ला चुकीचा नव्हता बरं का."

"नव्हता," भिंगरी म्हणाली. ती खिडकीपाशी उभी होती. "फक्त मला त्यात राहता येत नव्हतं."

सह्या झाल्या आणि यंत्र टेंपोतून घरी आलं. मोजपट्टी स्वतः टेंपोवाल्याशेजारी बसून आला होता. चार माणसांनी यंत्र पुढच्या खोलीत आणलं तेव्हा तो दार धरून उभा राहिला. वहिनीने खिळ्यावरची अंगठी काढून त्याच्या हातात दिली. ती त्याने खिशात, मोजपट्टीशेजारी टाकली. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"नळी नवी बसवलीय," तो म्हणाला.

"बघितली," भिंगरी म्हणाली.

तो थोडा थांबला आणि गेला.

मग भिंगरीने नळी जोडली, पाणी सोडलं, बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. दुकानातल्या त्या म्हाताऱ्या बाईंनी वाचायचा दुसरा चष्मा तिच्याकडेच टाकला होता. त्याची काच तिने चिमटीत धरली आणि वाकून कान यंत्राच्या आवाजाकडे लावला. मी खुर्चीत बसून बघत होतो. खिडकी होती, दार होतं, ओट्यावर चहाचा कप होता, आणि ती हलत नव्हती.

"आता तरी बस जरा," वहिनी म्हणाली. "सकाळपासून उभी आहेस."

"बसून काच घासता येत नाही, आई."